द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल आणि यकृत

नाशिकच्या वायनरींतल्या चोथ्यातून रेझव्हेराट्रॉल काढून त्याची गोळी करता येईल का, डॉकिंग स्कोअर तर झकास आलाय, असं एकाने विचारलंय. स्कोअर जरा बाजूला ठेवा. रेणू प्रथिनाला किती चिकटेल याचा तो संगणकाने काढलेला अंदाज. यकृताच्या तावडीतून सुटेल का, ते त्यात नाही. तोंडावाटे दिलेलं रेझव्हेराट्रॉल ७० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, पण मूळ रूपात रक्तात १ टक्काही पोचत नाही. आतडं आणि यकृत त्याच्या हायड्रॉक्सिल गटांवर ग्लुकुरोनाइड (साखरेसारखा गट) नाहीतर सल्फेट चढवून मोकळे होतात.

हे गट चढवणारी एन्झाइमं वेगळी, म्हणून नुसतं सीवायपी३ए४ वर (औषधांचं ऑक्सिडेशन करणारं यकृतातलं एन्झाइम) डॉकिंग करून भागणार नाही. केलंच, तर प्रथिन साफ करताना पाण्याच्या रेणूंबरोबर हीमही (एन्झाइमच्या मधला लोहाचा भाग) उडालं नाही ना, ते बघा. उडालं की लिगँड, म्हणजे आपला रेणू, त्याच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो, आणि स्कोअर उगाच छान दिसतो!

प्रयोगशाळेत तपासताना मायक्रोसोमना (यकृताच्या पेशींतल्या पडद्यांच्या बारीक पिशव्या) यूडीपीजीए द्या, ग्लुकुरोनाइडचा गट त्यातूनच येतो. सोबत पडद्याला छिद्रं पाडणारं अलामेथिसिन. नाहीतर यूडीपीजीए पडद्याआड नीट शिरत नाही. सल्फेट तिथे दिसणारच नाही, ती एन्झाइमं सायटोसॉलमधली, म्हणजे पेशीतल्या द्रवातली. त्यासाठी एस९ (मायक्रोसोम आणि सायटोसॉल दोन्ही असलेला यकृताचा अर्क) आणि सल्फेट पुरवणारं पीएपीएस. सुरुवात १ मायक्रोमोलर रेझव्हेराट्रॉलने, प्रथिन ०.५ मिग्रॅ/मिली, ३७ अंशांवर. नळ्या तपकिरीच घ्या, उजेडात रेझव्हेराट्रॉलच्या ट्रान्स रूपाचं सिस रूप होतं, रेणूचा आकारच बदलतो.