ऑफिसात ती वेळ आली तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या बाणेरच्या ऑफिसात मॉक ड्रिल झालं. सायरन वाजला, सातव्या मजल्यावरून सगळे जिन्याने उतरले आणि पार्किंगच्या कोपऱ्यात रांगेत उभे राहिले. मी आमच्या मजल्याची फायर वॉर्डन. हजेरी घेतली, यादीतलं एकूण एक नाव जुळलं, सही करून कागद दिला. वर आले तर पँट्रीत दोघी मावशी कप विसळत होत्या. "मॅडम, तो भोंगा तुमच्यासाठीच असतो ना?" त्यांनी मला विचारलं.

त्या कंत्राटदाराकडच्या, त्यामुळे आमच्या यादीत त्यांची नावंच नव्हती. चार वर्षं त्यांच्या हातचा चहा पितेय मी. खरी आग असती तर "सगळे सुखरूप" या कागदावर माझी सही असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून हा धागा. नियम सगळ्यांच्याच ऑफिसात भिंतीवर लावलेले असतात, ते इथे नकोत. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा कुठली बारीकशी गोष्ट कामी आली किंवा नडली, ते लिहा. कंपनीचं आणि इमारतीचं नाव मात्र घेऊ नका.

सोनचाफा
शिवाजीनगरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. जुलै म्हणजे रिटर्न भरायची घाई, पावसामुळे खिडक्या बंद. दोन दिवस जळकट वास येत होता. खालच्या हॉटेलचा असेल म्हणून आम्ही सोडून दिला. तो वास आमच्याच टेबलाखालून येत होता. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर प्रिंटर, दोन कॉम्प्युटर आणि पाणी तापवायची किटली. बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी पडून कडेला फुगलं होतं. हे नंतर दिसलं, आधी कोणीच वाकून पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिथून धूर निघाला, पाठोपाठ ज्वाळा. माझा हात पहिल्यांदा पाण्याच्या जगकडे गेला. आमचे शिपाई काका दारातून ओरडले, "ताई, पाणी नको! आधी मेन पाडा!" काकांनी तरुणपणी वायरमनच्या हाताखाली काम केलंय. मेन स्विच कुठे आहे हे आम्हा नऊ जणांत फक्त त्यांनाच माहीत होतं. तो कपाटामागे, कॅलेंडरखाली झाकलेला. त्यांनी तो पाडला आणि लाल सिलिंडर काढला. पिन निघेना, कारण तिला प्लास्टिकचं सील असतं आणि ते पिळून तोडावं लागतं. काकांनी ते तोडलं, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरली आणि इकडून तिकडे फिरवत मारली. दहा-बारा सेकंदांत सगळं पांढरंफटक. आग विझली. ती भुकटी फाइलींच्या पानापानांतून महिनाभर निघत होती.

आता कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर आहे आणि मेनवर लाल रंगाने मोठा बाण काढलाय. किटली मी घरी नेली.

पौडफाटा
आमच्याकडे रात्री आठनंतर खालचं ओढायचं लोखंडी गेट कुलूप लावून बंद करायचे, चोरीच्या भीतीने. वर उशिरापर्यंत तीन-चार जण कामाला असायचे आणि किल्ली वॉचमनच्या खिशात. वॉचमन जेवायला जायचा. मे 2019 मध्ये उरुळी देवाचीला साडीच्या दुकानात आग लागून आत झोपलेले पाच कामगार गेले, बाहेरून कुलूप होतं. ती बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी मालकांसमोर ठेवली. त्यांनी वाद घातला नाही. आतून उघडणारी कडी बसली. आम्हाला काही झालं नाही, म्हणून हा अनुभव म्हणावा का ते कळत नाही, पण लिहावंसं वाटलं.

(धागाकर्ती : हाच अनुभव हवा होता. लिहिलंत ते फार बरं केलंत.)

चाकखुर्ची
खराडी, नववा मजला. मी व्हीलचेअर वापरतो. पाच वर्षांतल्या प्रत्येक ड्रिलला मला एकच वाक्य ऐकू आलं, "सर, तुम्ही वरच थांबा, आज नुसती प्रॅक्टिस आहे." सगळे उतरायचे आणि त्या मोकळ्या हॉलमध्ये सायरन ऐकत मी एकटा बसायचो. लिफ्ट तर आगीत वापरायचीच नाही. खऱ्या वेळी माझं काय, हे कोणी बोलत नव्हतं, आणि मला विचारायचा संकोच वाटायचा.

शेवटी एचआरला लेखी विचारलं. तेव्हा कळलं की 24 मीटरहून उंच इमारतीत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत मदत येईपर्यंत थांबायची सुरक्षित जागा, ठेवावाच लागतो आणि आमचाही आहे, आठव्या मजल्यावर. तिथे जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. आता ती जागा रिकामी झाली. जिन्यावरून उतरवायची घसरखुर्ची आली. माझ्यासाठी दोन सहकारी ठरले आणि ते रजेवर असतील तर बदली दोन. पहिल्यांदा त्यांनी मला उतरवलं तेव्हा वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्यांदा आम्ही नऊ मजले न थांबता उतरलो. खाली उन्हात सगळ्यांबरोबर रांगेत उभा होतो. हो, उभाच म्हणतो मी त्याला.

दुपारचा डबा
हडपसरच्या आयटी पार्कात जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधले एक सर बाकावरून खाली कोसळले. हाक मारली, हलवलं, काही प्रतिसाद नाही. श्वास थांबत थांबत, घोरल्यासारखा. मी दोन महिन्यांपूर्वीच अर्ध्या दिवसाचं सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबायचं, प्रशिक्षण घेतलं होतं, तेही शनिवार वाया गेला म्हणून कुरकुरत. तिथे सांगितलं होतं, असा घोरता श्वास म्हणजे श्वास नव्हे. छातीच्या मधोमध तळहात ठेवले आणि दाबायला सुरुवात केली, मिनिटाला 100 ते 120, पाच सेंटिमीटर खोल. मोठ्याने मोजत होते. तीसपर्यंत जायचं आणि पुन्हा एक. दोन मिनिटांत माझे हात भरून आले आणि दुसऱ्याने जागा घेतली.

एकीने 108 ला फोन लावला. "टॉवर बी" सांगून उपयोग नव्हता, आमच्या पार्कला चार गेटं आहेत. तिने कुठलं गेट ते सांगितलं, बाहेरच्या पेट्रोल पंपाची खूण दिली आणि सिक्युरिटीच्या दादांना त्या गेटवर पळवलं. एक जण लिफ्ट तळमजल्यावर धरून उभा राहिला. रिसेप्शनच्या भिंतीवरच्या पेटीतलं एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, कोणीतरी आणलं. ते यंत्र स्वतःच बोलून सांगतं, पट्ट्या कुठे चिकटवायच्या, कधी लांब व्हायचं. त्याने एकदा शॉक दिला. सर वाचले. माझ्या दाबण्याने त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. त्याचं मला फार वाईट वाटत होतं. हॉस्पिटलात त्यांच्या पत्नीने माझे दोन्ही हात धरले आणि काही बोलल्याच नाहीत.

कात्रजघाट
25 जुलै 2024. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तो दिवस. आमचं ऑफिस तिथून जवळच. पार्किंगच्या तळघरात पाणी चढायला लागलं तसे आम्ही तिघे गाड्या काढायला निघालो. वॉचमन काका रॅम्पच्या तोंडाशी हात आडवे करून उभे. "गाडी जाऊ द्या. खाली मीटरचं पॅनेल आहे." पाण्यात करंट उतरला असता तर कळलंही नसतं. माझी बाइक गेली. नंतर आम्ही पॅनेल वर घ्यायचा अर्ज दिला, तो अजून फिरतोय.

रातपाळी
नाइट शिफ्ट, हिंजवडी फेज दोन. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची, ने-आणीची सोय मालकाने करायची, हे राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. गाडी मिळते. पण गाडीच्या आत काय, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मार्च 2025 मध्ये हिंजवडीत कर्मचाऱ्यांची मिनीबस पेटून चौघे गेले. मागे बसलेल्यांना मागचं दार वेळेत उघडता आलं नाही. त्या आठवड्यात आम्ही आमच्या ड्रायव्हरदादांना म्हटलं, मागचं दार उघडून दाखवा. दादांनी ओढलं, मी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. हँडल गंजलेलं, आणि आतून स्टेपनी टेकवून ठेवलेली. रोज त्याच्यासमोरच्या सीटवर मी झोपत यायचे. तिसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघण्यापूर्वी आम्ही ते उघडून बघतो, दादा स्वतःच आठवण करतात.

बंबवाला
अग्निशमन दलातून निवृत्त आहे. थोडंच लिहितो.

101 ला फोन करताना आधी पत्ता सांगा, नंतर काय पेटलंय ते, नंतर आत कोणी अडकलंय का. घाबरलेला माणूस "लवकर या" म्हणून फोन ठेवतो आणि आम्ही गल्ल्या शोधत बसतो.

पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना, ते बघा. सर्व्हरजवळच्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटा नसतोच, त्याचं वजन करावं लागतं. वापरताना त्याचा भोंगा, म्हणजे गॅस बाहेर पडायचं नरसाळं, हातात धरू नका, कातडी चिकटेल इतका गार होतो.

2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. त्याला फॉर्म बी म्हणतात. तुमच्या ऑफिसचा शेवटचा कधीचा, हे विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावणार नाही.

आणि जिन्याचं फायर डोअर. लोक ते वाऱ्यासाठी उघडं ठेवतात. आगीत माणसं बहुतेक धुराने जातात. ते दार मिटलेलं असेल तर जिना श्वास घेण्याजोगा राहतो. उघडं असेल तर जिना म्हणजे धुराडं.

सोनचाफा
बंबवाले काका, आत्ता उठून आमच्या मजल्याचं दार बघून आले. दगड लावून उघडं होतं. दगड काढला, तरी दार मिटत नाही, दार आपोआप मिटवणारा वरचा क्लोजर गेलाय. दुरुस्तीवाल्याला फोन केला, सोमवारी अकराला येतो म्हणाला. तोवर मी येता-जाता हाताने लावतेय.