सोरायसिसवर हळदीचं नॅनो-जेल: गुण कणांचा की नुसता गाजावाजा?

कणाद (धागाकर्ता)
कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य. त्याचा रेणुभार ३६८, म्हणजे त्वचेत शिरण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या ५०० डाल्टनच्या मर्यादेत. तरी साध्या जेलमधून ते आत जात नाही, कारण पाण्यात विरघळतच नाही, स्फटिक वरच पडून राहतात. मेदाच्या नॅनोकणांत भरलं की मात्र आत शिरतं आणि सोरायसिसला गुण येतो, हा माझा दावा. ग्लिसरिल बेहेनेट (घन मेद) आणि ओलेइक आम्ल (पातळ मेद) ७:३ प्रमाणात ७५-८० अंशांवर वितळवा, त्यात कर्क्युमिन विरघळवा, तेवढंच गरम ट्वीन ८०चं (मेद-पाणी मिसळून ठेवणारं द्रव्य) पाणी ओतून जोरात ढवळा, मग प्रोब सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी कण बारीक करणं. कण २०० नॅनोमीटरच्या आसपास आणि पीडीआय (कणांच्या आकारांतली तफावत) ०.३च्या आत आला की कार्बोपॉल (पाण्यात फुगून जेल करणारी भुकटी) जेलमध्ये मिसळा. नॅनोला नावं ठेवणाऱ्यांनी यात चूक दाखवावी.

शंकासुर
कृती ठीक, दावा नाही. अख्खा कण शृंगस्तर, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, ओलांडत नाही. फार तर केसांच्या मुळाशी साचतो आणि औषध तिथून सुटतं. पुरावा बहुतेक उंदरांचा: पाठीवर ५% इमिक्विमोड क्रीम (सोरायसिससारखी सूज आणणारं औषध), रोज ६२.५ मिग्रॅ, पाच-सहा दिवस. ती तात्पुरती सूज, जुनाट चट्टा नव्हे. त्यात चाचणीचं जेल इमिक्विमोडच्या आधी किंवा लगेच नंतर फासलं, तर इमिक्विमोडच कमी शोषलं जातं. लाली उतरते, श्रेय हळदीला! रिकाम्या कणांचं जेल आणि कण नसलेलं कर्क्युमिन जेल, हे दोन्ही गट नसतील तर तो आलेख बाजूला ठेवा.

कणाद
गटांचं मान्य. पण औषध एपिडर्मिसमध्येच (त्वचेच्या बाहेरच्या भागात) थांबायला हवं, रक्तात कशाला? फ्रान्झ सेलच्या (दोन कप्प्यांमध्ये त्वचा ताणून औषध किती पार जातं ते मोजणारं उपकरण) खालच्या कप्प्यात काय उतरलं हे सोडा, टेपने वरचे थर काढून उरलेल्या त्वचेत किती साठलं ते मोजा.

शंकासुर
खालचा कप्पाही नीट भरत नाहीत. नुसत्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये कर्क्युमिन धड विरघळत नाही, आणि जे विरघळतं ते ३७ अंशांवर अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतं. मग मोजणीत औषध कमीच दिसतं आणि "हळूहळू सुटतं" असा देखणा आलेख येणारच.

खलबत्ता
तुमचं भांडण कणांवरून, बिघडतं मात्र जेल. कार्बोपॉल एकदम ओतला की बाहेरून फुगलेल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात. ढवळत ढवळत भुरभुरवा, रात्रभर फुगू द्या. ट्रायइथॅनॉलअमाइन (जेल घट्ट करणारी अल्कली) थेंबाथेंबाने, पीएच ५.५-६ला थांबा, अल्कलीकडे गेलं की पिवळ्याचं लालसर होतं आणि औषध गेलंच समजा. कण शेवटी, हलक्या हाताने. २% कार्बोपॉलचं जेल आणि कणांचं पाणी समसमान घेतलं तर औषधाची टक्केवारी निम्मी होते, हे लिहायला बरेच जण विसरतात.
आणि साठवण! घन मेद हळूहळू स्थिर स्फटिकरूपाकडे सरकतो, औषधाला बाहेर ढकलतो. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या सुया दिसतात. पहिल्या दिवशीचा एन्ट्रॅपमेंटचा (किती औषध कणांत अडकलं त्याचा) आकडा मिरवू नका, तीन महिन्यांनंतरचा द्या.

पापुद्रा
जाड खपलीवर पाण्याचं जेल नुसतं वाळतं. आधी ३-६% सॅलिसिलिक आम्लाच्या मलमाने खपली उतरवा. ते याच जेलमध्ये घालू नका, आम्लाने कार्बोपॉल पातळ होतो. आणि वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी असं समजू नये: क्रायसारोबिन या झाडातल्या द्रव्यावरून आलेलं सोरायसिसचं औषध डिथ्रॅनॉल त्वचा जाळतं, बावचीतलं सोरालेन उन्हात भाजतं. गुण दोघांनाही आहे, तोही नॅनोशिवाय.

शंकासुर
मग माणसांवर करा. एका कोपरावर नॅनो-जेल, दुसऱ्यावर तेवढ्याच टक्क्यांचं साधं कर्क्युमिन, १२ आठवडे, चट्टा तपासून मार्क देणाऱ्याला कुठलं कुठे ते ठाऊक नाही.

कणाद
चालेल. पण रिकाम्या जेलशी तुलना करायची तर त्यातही पिवळा रंग घालावा लागेल, नाहीतर डाग बघून कोणीही ओळखेल.