बहिरेपणाचे जनुक रक्तातून कळत असेल, तर अंतर्कर्णाच्या पेशी कशासाठी तपासायच्या?

प्रश्न: शरीरातील जवळपास सर्व पेशींत डीएनए तोच असल्यामुळे आनुवंशिक बहिरेपणाचे कारण रक्ताच्या नमुन्यातून शोधता येते. असे असताना अंतर्कर्णात कोणते जनुक कोणत्या पेशीत आणि केव्हा व्यक्त होते (म्हणजे कार्यरत होते), याचा इतका बारकाईने अभ्यास का केला जातो?

प्रतिसाद १: रक्ताच्या तपासणीत एकाच व्यक्तीच्या डीएनएत असंख्य बदल आढळतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. संशयित जनुक अंतर्कर्णात व्यक्त होत असेल, तर त्याच्यावरील संशय बळावतो. सीओसीएच हे जनुक याच वाटेने हाती लागले. मानवी गर्भाच्या कॉक्लियात (अंतर्कर्णातील ऐकण्याच्या शंखाकृती भागात) विशेष प्रमाणात व्यक्त होणारी जनुके आधी वेगळी काढण्यात आली आणि १९९८ मध्ये त्यांपैकी सीओसीएचमधील बिघाड हा प्रौढपणी सुरू होऊन वाढत जाणाऱ्या, तोलही बिघडवणाऱ्या बहिरेपणाचे कारण असल्याचे सिद्ध झाले.

प्रतिसाद २: माझ्या मते याहून मोठा लाभ म्हणजे बिघाड नेमका कोठे आहे हे कळते. बहिरेपणाशी संबंधित जीजेबी२ जनुकापासून बनणारे कनेक्झिन २६ हे प्रथिन केसपेशींत (ध्वनी टिपणाऱ्या पेशींत) नव्हे, तर त्यांच्याभोवतीच्या आधारपेशींत असते. याउलट ओटोफर्लिन हे प्रथिन आतल्या केसपेशींत लागते, आणि अशा पेशी मानवी कानात सुमारे ३,५०० च असतात. ओटोफर्लिन नसेल, तर केसपेशी ध्वनी टिपते, पण तो संदेश मज्जातंतूकडे सोडू शकत नाही. बाहेरच्या केसपेशी मात्र सुरुवातीला शाबूत असल्याने त्यांचा प्रतिध्वनी मोजणारी नवजात बालकाची चाचणी सामान्य येऊ शकते आणि बहिरे बाळ ऐकणारे समजले जाते. ही बाब पालकांपर्यंत पोहोचायलाच हवी. पेशी जिवंत राहत असल्यामुळेच येथे जनुकोपचाराला वाव मिळाला. ओटोफर्लिनचे जनुक एका विषाणूवाहकात (जनुक पेशीत नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूत) मावत नाही, म्हणून त्याचे दोन भाग करून ते कानात सोडण्यात आले आणि उपचार घेतलेल्या काही मुलांना ऐकू येऊ लागले.

प्रश्नकर्ता: जिवंत माणसाच्या कॉक्लियातून पेशी कशा मिळवतात?

प्रतिसाद ३: मिळवता येत नाहीत, कारण त्या काढल्यास श्रवणशक्तीच जाण्याचा धोका असतो. त्यामुळे बराचसा अभ्यास उंदरांवर होतो. पूर्वी संपूर्ण ऊती एकत्र दळून आरएनए (व्यक्त होणाऱ्या जनुकाची पेशीत बनणारी प्रत) मोजत असत आणि मूठभर केसपेशींचा संकेत इतर पेशींच्या गर्दीत बुडून जाई. आता एकेका पेशीचा आरएनए स्वतंत्रपणे वाचता येतो. मात्र वयाची सांगड काळजीपूर्वक घालावी लागते. उंदराचे पिल्लू जन्मानंतर सुमारे १२ दिवसांनी ऐकू लागते, तर मानवी बाळ गर्भातच ऐकू लागते. म्हणून नवजात पिल्लावर यशस्वी ठरलेला उपचार जन्मलेल्या बाळालाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.