किती काम उरलंय? 'लेफ्ट' की 'रिमेनिंग'?

'अजून किती काम उरलंय?' हे इंग्रजीत विचारायला 'हाऊ मच वर्क इज रिमेनिंग?' असं सुचवलं जातं. चूक नाही, पण कानाला जरा अहवालातलं वाटतं. बोलताना 'लेफ्ट' जास्त चालतं: 'हाऊ मच इज लेफ्ट?' किंवा 'हाऊ मच डू यू हॅव लेफ्ट?' समोर काय चाललंय हे दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे 'वर्क' गाळलं तरी बिघडत नाही. पानं, फॉर्म असं मोजता येणारं काही असेल तर मात्र 'हाऊ मेनी पेजेस आर लेफ्ट?'

आपली खरी गोची होते ती 'बाकी'मुळे. 'हाऊ मच वर्क इज बॅलन्स?' हे मीही कित्येक वर्षं बिनधास्त म्हणायचो. 'बॅलन्स' म्हणजे उरलेली रक्कम किंवा भाग. ते नाम आहे, आपल्या 'बाकी'सारखं विशेषण म्हणून तिथे बसत नाही.

आणि सूर सांभाळा. 'आरन्ट यू डन येट?' म्हणजे 'झालं नाही का अजून?', सरळ तगादाच. साहेबांना किंवा नवख्या सहकाऱ्याला विचारायचं तर 'हाऊ इज इट कमिंग अलाँग?' म्हणजे 'कसं चाललंय काम?' हे बरं. किती उरलंय ते समोरचा बहुधा आपणहून सांगतो.