आईची दाढ हलतेय, कोथरूडमध्ये घरी येणारे डेंटिस्ट आहेत का?

कोथरूडची_लेक: आई ८१ वर्षांची, अर्धांगवायूमुळे अंथरुणावर. खालची दाढ हलतेय, चार दिवस पेजेशिवाय काही घेत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल गोळी चालू आहे, शुगरही आहे. दिवसा सांभाळायला मावशी असतात, बाकी मी एकटी. ३,००० च्या पुढे झेपणार नाही.

सदाशिवपेठी: आम्ही बाबांना इम्प्लांट बसवले. सव्वा लाख गेले, पण ७९ व्या वर्षी शेंगदाणे खातात. दातांवरच्या खर्चाला मागेपुढे पाहू नका.

धायरीकर: घरी बोलावू नका. आमच्याकडे आले, बॅटरीने पाहिलं, ‘क्लिनिकला आणा’ म्हणाले आणि १,५०० घेऊन गेले. आणि लिफ्टचं सोसायटीत लावून धरा, आमची सात वर्षांनी झाली.

वडगावची_सून: डेंटल कॉलेजला न्या. वडगावला सिंहगड, धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात रंगूनवाला. खर्च कमी येतो. पण सासूबाईंना खुर्चीत तीन तास बसवून ठेवावं लागलं, अजून वाईट वाटतं.

निवृत्त_सिस्टर: ताई, रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, पुन्हा झटका येऊ शकतो. बहुतेकदा गोळी चालू ठेवूनच दाढ काढतात आणि बोळा दाबून रक्त थांबवतात. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन झालं असेल तर आधी सांगा, जबड्याची जखम भरत नाही कधीकधी. आणि येणाऱ्यांना फोनवरच विचारा: सक्शन (तोंडातली लाळ-रक्त ओढून घेणारं यंत्र) आणता का, दाढ घरी काढता का?

काकू_बाणेर: मीही तेच म्हणते, गोळी बंद नको. लवंगेचं तेल लावा.

निवृत्त_सिस्टर: तेल थेट नको, हिरडी भाजते. चूळ भरता येत नसेल तर तोंडात पाणी किंवा औषध ओतू नका, छातीत जातं. डोकं उंच करून, गॉज क्लोरहेक्सिडिनमध्ये (जंतुनाशक माउथवॉश) बुडवून, घट्ट पिळून दात-हिरड्या पुसा. तोंड अस्वच्छ राहिलं की न्यूमोनियाही होतो. वॉर्डात फार पाहिलंय मी.

धायरीकर: कॉलेजच बरं. पुन्हा सांगतो.

कोथरूडची_लेक: सगळ्यांचे आभार. तरी घरीच बोलावलं. सिस्टरांचे दोन्ही प्रश्न विचारले, तिसऱ्या फोनवर होकार मिळाला. डेंटिस्ट बाईंनी आधी आमच्या फिजिशियनशी बोलून घेतलं, शुगर तपासली. दाढ लगेच सुटली, अर्धा तास बोळा धरला. ४,२०० झाले, या महिन्यात ओढाताण होणार. पण जिना उतरवून आईचे हाल मला करायचे नव्हते. मावशींना गॉजने पुसायला शिकवलंय. आज आईने मेतकूट-भात मागितला.