जावाच्या पोटात एसक्यूएल: कुणी कोंबलं आणि का

सेमीकोलन
नवीन प्रोजेक्ट हातात आलाय. जावाच्या एका क्लासमध्ये पानभर सिलेक्ट क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणारं एसक्यूएल, प्लस टाकून टाकून जोडलेली. एका भाषेत दुसरी भाषा कोंबायची ही खोड कधी जाणार? माझ्या टीममध्ये जावाच्या फाईलमध्ये 'सिलेक्ट' दिसलं की पुल रिक्वेस्ट रिजेक्ट. हायबरनेट कशासाठी आहे? एसक्यूएल स्वतःच तयार करणारं असलं ओआरएम ज्यांना झेपत नाही त्यांनीच स्ट्रिंगा जोडत बसावं.

प्रोसीवाला
शेवटचं वाक्य नसतं तर गप्प बसलो असतो.

प्लस लावून जोडलेली क्वेरी वाईटच, त्यावर वाद नाही. पण आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोन भाषा एका फाईलमध्ये आल्या म्हणून काही बिघडत नाही. आतली भाषा कोड तपासून भाषांतर करणाऱ्या कंपायलरला दिसतच नाही, तिथे बिघडतं. जावाच्या लेखी तुमची क्वेरी म्हणजे नुसती अक्षरं. कॉलमचं नाव चुकलं तरी बिल्ड हिरवा, आणि टेस्टमध्ये त्या वाटेला कुणी गेलं नाही तर फुटतं ते प्रॉडक्शनला.

आम्ही सी मध्ये 'एक्झेक एसक्यूएल' म्हणून सरळ क्वेरी लिहायचो. कोट नाही, प्लस नाही. सीचं व्हेरिएबल आत न्यायचं तर नावाआधी कोलन. ओरॅकलचा प्रीकंपायलर फाईल आधी वाचायचा, आणि एसक्यूएलचेक ही सेटिंग सिमँटिक्सवर ठेवून डेटाबेसचा लॉगिन दिला की टेबल आहे का, कॉलम आहे का, तिथल्या तिथे बोंब मारायचा. सी शार्पमध्ये २००७ साली लिंक नावाची, भाषेतच क्वेरी लिहायची सोय आली, तेव्हा क्वेरी थेट कंपायलरच्याच हाती गेली. रस्ट भाषेच्या एसक्यूएलएक्स लायब्ररीतला क्वेरी मॅक्रो तर कंपाइल होतानाच डेटाबेसला विचारून येतो. जावातही असलंच एसक्यूएलजे होतं की, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि हायबरनेटची स्वतःची क्वेरीची भाषा, एचक्यूएल, कुठे लिहिता हो? स्ट्रिंगमध्येच ना?

सेमीकोलन
नाव देऊन आधीच नोंदवलेली नेम्ड क्वेरी लिहिली तर अॅप सुरू होतानाच तपासली जाते. आठवणी छान आहेत काका, पण प्लसचं म्हणाल तर जावा १५ पासून अनेक ओळींची स्ट्रिंग सलग लिहायला टेक्स्ट ब्लॉक आहेत. खरा प्रश्न इंजेक्शनचा. स्ट्रिंग हातात दिली की कुणीतरी युजरचा मजकूर तिला चिकटवणारच, आणि डेटाबेस तो हुकूम समजून चालवणार.

म्हापशेकर
इंजेक्शनवरून आठवलं. माझं आडनाव डिसोझा, इंग्रजीत डी नंतर वर सिंगल कोट. गोव्यात असली आडनावं गल्लोगल्ली. एका पोर्टलवर फॉर्म भरला तर स्क्रीनवर 'सिंटॅक्स एरर निअर सोझा'! माझ्या कोटने त्यांची स्ट्रिंग बंद केली आणि उरलेलं आडनाव डेटाबेस एसक्यूएल समजून वाचायला बसला. तक्रार केली. त्यांनी 'दुरुस्त' केलं म्हणजे काय, तर आता 'नावात विशेष चिन्ह चालणार नाही' असा मेसेज येतो. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि हे म्हणे विशेष चिन्ह!

मेघना_तळेगाव
अगदी! आमच्या शेजारच्या डिकॉस्टा मॅडमना पोस्टाने पत्रं यायची त्यावर डी, उलटा स्लॅश, मग कोट. पाकिटावर छापलेलं!

टेबलखुर्ची
पीएचपी भाषेतले मॅजिक कोट्स असणार. येईल त्या मजकुराला आपणहून स्लॅश लावायचे. २०१२ मध्ये ५.४ आलं तेव्हा काढले, पण तोवर डेटाबेसात स्लॅश मुरले होते.

सेमीकोलन
बघा, हेच सांगतोय मी.

प्रोसीवाला
छे, हे मी सांगतोय! प्रीपेअर्ड स्टेटमेंट वापरा. क्वेरीत प्रश्नचिन्ह, डिसोझा वेगळा पाठवायचा. मग कोट असो नाहीतर टेबल उडवणारी अख्खी ड्रॉप टेबल, डेटाबेस त्याला नावच समजतो. एसक्यूएल हातानेच लिहिलेलं बरं का. तुमचं ओआरएम आतून वेगळं काय करतं?

टेबलखुर्ची
ज्यावर सॉर्ट करायचं तो ऑर्डर बायचा कॉलम प्रश्नचिन्हातून पाठवून दाखवा. नाही जमत. टेबलाचं नावही नाही. रिपोर्टच्या स्क्रीनवर हेडरला क्लिक करून सॉर्ट द्यायचा म्हटलं की सगळे सीनिअर गुपचूप प्लसवर येतात.

प्रोसीवाला
येतात, खरंय. तिथे चालणाऱ्या कॉलमांची यादी कोडमध्येच ठेवायची आणि यादीबाहेरचं काही आलं तर सरळ नाकारायचं. पायथन ३.१४ च्या टी-स्ट्रिंगमध्ये साचा आणि आत भरायचा मजकूर वेगवेगळे राहतात, पुढचं लायब्ररी बघते. जावाने २१ मध्ये तसलेच स्ट्रिंग टेम्प्लेट प्रिव्ह्यूला आणले आणि २३ मध्ये काढून टाकले. आनंद आहे.

सेमीकोलन
बरं बाबा, रिपोर्टच्या क्वेऱ्यांपुरते काका जिंकले, सत्कार करू. पण त्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. क्लासमध्ये नकोतच.

टेबलखुर्ची
म्हणजे कॉलम बदलला की दोन फोल्डर धुंडाळायचे. रात्री कॉल आल्यावर तुम्ही उठणार का?

म्हापशेकर
तुमचं भांडण मिटेपर्यंत मी फॉर्मवर लिहू काय? स्पेस देऊन लिहिलं की एकीकडे जुळत नाही, जोडून लिहिलं की दुसरीकडे.

मेघना_तळेगाव
जोडूनच लिहा हो दादा. स्पेस दिलीत तर डी हे तुमच्या वडिलांचं नाव होतं.