नीसाची लढाई, १०६२: हाराल्ड युद्धात जिंकला, तहात हरला?

धागाकर्ता: ९ ऑगस्ट १०६२. हालांडच्या किनाऱ्यावर (आता स्वीडन, तेव्हा डेन्मार्क) नीसा नदीच्या मुखापाशी नॉर्वेचा हाराल्ड हार्डराडा आणि डेन्मार्कचा स्वेन एस्ट्रिडसन भिडले. जहाजाला जहाज दोरांनी बांधून रात्रभर हातघाई. हाराल्ड जिंकला, स्वेन निसटला. माझ्या मते हा विजय फुकट गेला. हाराल्डला डेन्मार्कचं तख्त हवं होतं. त्यासाठी तो वर्षानुवर्षं किनारे लुटत होता, हेडबीसारखी डेन्मार्कची भरलेली पेठ त्यानं जाळली. १०६४च्या तहात पदरात काय पडलं? जुन्याच सीमा. भरपाईसुद्धा नाही!

दर्यावर्दी: साफ असहमत. तह झाला म्हणून तर १०६६ला पिछाडीची काळजी न करता इंग्लंडवर जाता आलं. नीसाला मार बसला नसता तर स्वेन बोलणी करायला आला असता का?

धागाकर्ता: न यायला काय झालं? त्याचं सगळं त्याच्याकडेच राहिलं की. आणि इंग्लंडात काय कमावलं? स्टॅमफर्ड ब्रिजला हाराल्ड स्वतः पडला. वाचलेली माणसं २४ जहाजांत मावली, असं अँग्लो-सॅक्सन बखर सांगते.

शंकासुर: हाराल्डची १५० जहाजं, स्वेनची ३००... विजेत्याच्या बाजूचे आकडे असेच असतात. नॉर्वेच्या राजांच्या कथा लिहिणाऱ्या आइसलँडच्या स्नोरीनं हे लिहिलं १२३०च्या आसपास.

दर्यावर्दी: पण त्यानं आधार घेतला तो स्टेन हेर्डिसारसनच्या कवनांचा, आणि स्टेन त्या रात्री हाराल्डच्या उल्फ सेनापतीच्या जहाजावर होता. आकडा फुगवला असेल, पण जे सोबत लढले त्यांच्यासमोर हार-जीत उलटी कशी गाणार?

कोपऱ्यातला वाचक: तुम्ही हाराल्डच्या बाजूनं लढलेल्या हाकोन इवारसनला विसरलात. सगळ्यांनी जहाजं बांधली, यानं मोकळी ठेवली आणि जिथे डेन कमजोर तिथे घुसला. लढाई त्यानंच फिरवली. आणि सागेप्रमाणे (म्हणजे तिकडची जुनी गद्यकथा), नाव बदलून आलेल्या स्वेनला यानंच एका शेतकऱ्याच्या घरी पोचवलं! तिथली गंमत वाचाच. सकाळी स्वेननं हात धुऊन फडक्याच्या बरोब्बर मधोमध पुसले, तर घरची बाई खेकसली, "गावंढळ कुठला!" वर, आपला राजा लंगडा तर आहेच, भित्राही आहे, हेही त्याच्याच तोंडावर.

धागाकर्ता: त्याच लंगड्याचे पाच मुलगे एकामागून एक डेन्मार्कचे राजे झाले.

दर्यावर्दी: हाराल्डचा मुलगा ओलाफही १०९३पर्यंत नॉर्वेवर होताच. स्वेनशी तह करूनच. तोही फुकटच का?